फक्कीची रेघ

रविवारची पायपीट संपवून घरी आलं की मोजे उलटे करायचे आणि त्यात रुतलेली कुसळं एकेक करून उपटायची, हा माझा ठरलेला कार्यक्रम. किस्सेही तसेच जमतात. चालताना कळत नाही, घरी आल्यावर टोचायला लागतात. तीन महिन्यांत माझ्याकडे इतके जमलेत की आता कुणाला तरी सांगितल्याशिवाय सुटका नाही. तेव्हा बसा!

खरं तर मी अगदी वेगळं चित्र डोक्यात घेऊन परतले होते. आठवीपासून हॉस्टेल, मग पुढचं शिक्षण थेट स्कॉटलंडला. तिथे पायवाटांना पाट्या असतात, दगडांवर रंगाच्या छोट्या खुणा असतात. माणसं हळू बोलतात आणि समोरून येणाऱ्याला मान हलवून पुढे जातात. दिवाळीनंतर पुंडलिकनगरला घरी आले ती एक गोष्ट ठरवूनच. आपल्या शहराभोवतीच्या डोंगरांची, शिवारांची अशीच एक पुस्तिका करायची. कुठून चालायला सुरुवात करायची, कुठे थांबायचं, कुठून फोटो चांगला येतो आणि त्या जागेचा खरा इतिहास काय. ‘खरा’ या शब्दावर माझा भयंकर जोर!

आईने चालणाऱ्यांचा एक ग्रुप शोधून दिला. व्हॉट्सॲपवर त्याचं नाव ‘पायताण’. पहिल्या रविवारी पहाटे चौकात पोचले आणि उभीच राहिले. माणसं चौदा, स्टीलचे डबे नऊ, सतरंज्या दोन आणि एक घडीचं स्टूल!

“आज साधारण किती चालायचंय?” मी विचारलं.

“भूक लागेपर्यंत,” असं उत्तर आलं.

*

हे उत्तर देणारे बोर्डेकाका. सगळी नोकरी जमीन मोजणी खात्यात गेली. रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी डोक्यावर खाकी टोपी आणि खिशात टेप असतोच. दुसऱ्या शैलाताई. पूर्वी शाळेत शिकवायच्या, आता पूर्ण वेळ फोटो काढून घेतात. तिसरे हाफिजभाई. गुलमंडीजवळ त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. जुनी उर्दू आणि थोडीफार फारसी वाचता येणारे ग्रुपमधले ते एकटेच.

म्हैसमाळच्या अलीकडच्या एका टेकडीवर मी सगळ्यांना समजावत होते, की सकाळी आठच्या सुमाराला ऊन तिरपं असतं, तेव्हा दरीतले कडे उठून दिसतात. मागे वळून बघते तर शैलाताईंनी पिशवीतून जांभळी पैठणी काढून ट्रॅकपँटवर गुंडाळलीसुद्धा! मोराचा पदर वाऱ्यावर, पायात स्पोर्ट्स शूज.

“शैलाताई, खाली ट्रॅकपँट दिसतेय,” मी म्हणाले.

“अगं, फोटो कंबरेपर्यंतच असतो! खालचं कोण बघतंय?”

पुढच्या रविवारी दुसरा डोंगर, पैठणी तीच. त्याच्या पुढच्या रविवारीही तीच. मी एकदा विचारलं, “दुसरी नाही का?”

“आहेत की चार. पण डोंगरावर हीच.”

*

खुलदाबादच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला एक जुनं दगडी टाकं आहे. त्याच्या भिंतीत बसवलेली एक उर्दू पाटी मला सापडली. १९४८च्या पोलीस ॲक्शनच्या आधीची! माझा आनंद गगनात मावेना. आठवडाभर मी वाचन केलं आणि रविवारी त्या पाटीसमोर उभं राहून वीस मिनिटं बोलले. पाण्याचं पावित्र्य, तहानलेल्या वाटसरूसाठी केलेलं दान, दख्खनची संस्कृती.

हाफिजभाईंनी चष्मा पुसला, पाटीजवळ गेले, दोनदा वाचलं. मग हळूच म्हणाले, “बेटा, बहुत अच्छा बोली तू. मगर इसमें लिखा है, यहाँ कपडे धोना मना है.”

पाटीच्या बरोब्बर खाली एक बाई चादर आपटत होती. तिने धोपाटणं थांबवलं. “कवापसून मना हाय?”

“निजाम के टाइम से,” हाफिजभाई म्हणाले.

“मंग आता कोन बघायला येतंय!” असं म्हणून तिने चादर पुन्हा आपटली. माझ्या संशोधनावर साबणाचं पाणी उडालं.

*

मार्गशीर्षातली गोष्ट. दौलताबादच्या मागच्या बाजूने आम्ही एका शिवारात उतरलो. मी पुढे होते. मागे वळून पाहिलं तर चौदातले सहाच जण! फोनला रेंज नाही. तासभर शोधलं. कुणाचा पाय मुरगळला असेल, कुणी विहिरीत तर नाही पडलं, नाही नाही ते मनात यायला लागलं.

शेवटी एका वस्तीवरून बँडचा आवाज आला, म्हणून तिकडे गेलो. मांडवात पंगत बसली होती. पंगतीत आमचे सात जण ओळीने बसून जिलेबी खात होते! बकऱ्यांच्या वाटेने चालत ते थेट लग्नात पोचले होते. बोर्डेकाकांची खाकी टोपी बघून मुलीच्या बापाने त्यांना कुणी मोठा साहेब समजून टॉवेल-टोपीचा आहेर केला होता. आणि आठव्या शैलाताई स्टेजवर नवरीला चिकटून उभ्या. अर्थात पैठणीत!

“अहो, तुम्ही सांगायचं ना, की आम्ही पाहुणे नाही!” मी ओरडलेच.

“सांगितलं ना,” काका म्हणाले. “ते म्हणले, मंग व्हा.”

त्या दिवशी मी ग्रुपची बैठक घेतली. स्कॉटलंडची उदाहरणं दिली. वाटेवर खुणा असायलाच हव्यात, त्याशिवाय मी कुणाला घेऊन जाणार नाही, असं ठणकावलं. ही कल्पना शंभर टक्के माझी. हे आत्ताच कबूल करून टाकते, कारण पुढे जे झालं ते तिच्यामुळेच.

*

जानेवारीत आम्ही वैजापूरच्या बाजूला, रस्ता सोडून बऱ्याच आतल्या एका गावी गेलो. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही. तिथल्या शिवारात एक बारव आहे. तीन बाजूंनी पायऱ्या खाली उतरत गेलेल्या, भिंतींत माणूस बसेल एवढ्या देवळ्या आणि वर वाकलेला उंबर. सकाळच्या उन्हात पाण्यावरची तिरीप त्या देवळ्यांत हलत असते. मी इतकी सुंदर जागा जगात कुठेच पाहिली नव्हती.

दगडांवर छोटे बाण काढा, एवढंच मी बोर्डेकाकांना सांगितलं होतं. त्यांना ते पटलं नाही.

“बाण लहान मुलं काढतात. आपण रेघ मारू.”

त्यांनी पोतंभर फक्की आणली होती. फक्की म्हणजे चुन्याची पांढरी भुकटी. गावाच्या पारापासून बारवेपर्यंत त्यांनी ती अशी टाकली की दोरीने आखावी! मध्ये मध्ये लाल झेंड्या. दर पन्नास पावलांवर दगडावर लाल आकडा. टेपचं दुसरं टोक माझ्या हातात आणि गळ्यात कॅमेरा. आकड्यांची नोंद हाफिजभाई वहीत उर्दूत करत होते, उजवीकडून डावीकडे.

“काका, जरा वाकडी असती तरी चाललं असतं,” मी म्हणाले.

“तीस वर्षांचा हात आहे पोरी. वाकडी येतच नाही.”

पारावरची माणसं सगळं बघत होती. ‘काय करताय’ असं एकानेही विचारलं नाही. किती समजूतदार लोक आहेत, असं मला वाटलं!

*

बारवेलगतचा तुकडा गयाबाईंचा. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. नवरा गेल्यापासून त्या माहेरी, याच तुकड्यावर पत्र्याच्या खोलीत एकट्या राहतात. वडिलांनी हा तुकडा गयाचा म्हणून सांगून ठेवलेलं आणि सातबाऱ्यावर भावाच्या जोडीने त्यांचं नावही लागलेलं. बारव झाडणं, पाण्यातली पानं काढणं हे काम त्यांनी आपणहून घेतलेलं. आम्हाला त्यांनी आगटीपाशी बसवून हुरडा खायला घातला.

आधी मी त्यांचा एक फोटो काढला, मग वही काढली. “आजी, ही बारव कुणी बांधली?”

“ते मला ठावं नाय. पर कोन बसलं व्हतं ते ठावं हाय.”

“म्हणजे?”

“रझाकाराच्या टायमाला गावच्या बाया त्या देवळ्यांत बसल्या व्हत्या, तीन दिस. माझी माय बी व्हती. मी तिच्या पोटात.” त्यांनी कणसं राखेत फिरवली. “मंग पोलीस ॲक्शन झाली. मंग तांबोळ्याच्या, मुसलमानाच्या घरच्या बाया येऊन बसल्या. त्याच देवळ्या. मायला ज्या टोपल्यातनं भाकर आली, त्याच टोपल्यात तिनं भाकरी सोडल्या खाली.”

माझं लिहिणं थांबलं. शाळेत आम्हाला गोष्टीचा अर्धाच भाग शिकवला होता, तो कुठला अर्धा हे त्या शाळेवर अवलंबून. हाफिजभाई उठले, पायऱ्या उतरून खाली गेले आणि बराच वेळ एका देवळीसमोर उभे राहिले.

वर आले तेव्हा गयाबाईंनी त्यांच्या हातात गरम कणीस दिलं. “खा बाबा. कवळं हाय.”

*

तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा गेलो. मला पुस्तिकेसाठी डोंगराच्या बाजूने फोटो हवा होता. पिवळं गवत, चार बाभळी आणि मागे बारव.

गवत नव्हतंच! अख्ख्या उतारावर आंब्याची रोपं. हातभर अंतरावर एक, मेथी पेरावी तशी. ऐन पौषात! जिथे माळ होता तिथे पत्र्याच्या सात शेड उभ्या होत्या. दोन जागी बोअरच्या गाड्या घरघरत होत्या.

“इतकी दाट लावलीत तर वाढतील कशी?” मी एका शेतकऱ्याला विचारलं.

“वाढायची कशाला? मोजून घ्या म्हंजी झालं, ताई.”

मला काहीच कळेना. बोर्डेकाका मात्र मटकन बांधावर बसले.

“पोरी, रस्ता जाणार असला की जमिनीवरची झाडं, शेड, बोअर सगळं मोजतात आणि त्याची भरपाई देतात. म्हणून फक्की पडली की लोक रातोरात बाग उभी करतात.” त्यांनी त्या पांढऱ्या रेघेकडे बोट दाखवलं. “ही माझी रेघ बघून केलंय हे सगळं.”

तेवढ्यात सरपंच हार आणि नारळ घेऊन आले आणि काकांच्या गळ्यात हार घातला. “साहेब, हायवे खुशाल न्या. तेवढा मारुतीचा पार वाचवा.”

*

मी पारावर चढले. खरं सांगून टाकायचं, दुसरा मार्गच नाही!

“ऐका! इथून कुठलाही रस्ता जाणार नाहीये. आम्ही सरकारी माणसं नाही. आम्ही फक्त फिरायला येतो!”

मग एकाने विचारलं, “फिरायला? शहरातून? इथं?”

“हो.”

“काय हाय इथं बघायला?”

सगळा पार हसला. मागून एक म्हातारा कौतुकाने म्हणाला, “म्याडम लई पक्क्या हायत. सरकारी मानूस आसाच बोलतो.”

रेघच पुसून टाकू, असं काकांना वाटलं. आम्ही त्या दिवशी आलेले बारा जण पायाने फक्की घासायला लागलो. ती कोरडी भुकटी पुसली जायच्याऐवजी दोन्ही बाजूंना पसरत गेली. चार बोटांची रेघ हातभर रुंद झाली.

पारावरून कुणीतरी ओरडलं, “आरं, चौपदरी झाला!”

*

आता शेवटचा किस्सा.

गयाबाई बारवेच्या वरच्या पायरीवर बसल्या होत्या. अंगावर कोरं हिरवं लुगडं, घडीच्या रेघाही गेल्या नव्हत्या.

“आजी, नवीन?”

“भावानं घेतलं. नवरा गेल्यापसून पयल्यांदा.” त्या लाजल्या. “उद्या मला तालुक्याला नेतोय, मोटारीतनं. तिथं आंगठा घेत्यात आन फोटो काढत्यात म्हनं. तू काढला तसाच का गं?”

बोर्डेकाका उकिडवे बसले. “माय, कागद कसला ते सांगितलं का?”

“रस्त्याचा हाय म्हनला. मला काय करायचा रस्ता? माझं नाव काढलं म्हंजी त्याला बरं पडंल. धाकटा हाय, कडेवर खेळवलाय मी त्याला.” मग काकांच्या बाहीला हात लावून म्हणाल्या, “ही बारव मातूर बुजवू नगा, साहेब. रेघ थोडी कडंनं घ्या.”

मीच सांगितलं. रस्ता नाही, आम्हीच वाटेसाठी चुना टाकला होता, त्या कागदाला हक्कसोड म्हणतात, अंगठा दिला की हा तुकडा तुमचा राहणार नाही. सगळं सांगितलं.

गयाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग शेडपाशी उभ्या असलेल्या भावाकडे. मग लुगड्याच्या पदरावरून हात फिरवला.

“मंग हे कशापायी घेतलं आसंल त्यानं?”

उत्तराची वाट त्यांनी पाहिली नाही. बादली उचलली आणि पायऱ्या उतरून गेल्या.

मी तरातरा भावाकडे गेले. वयस्कर, चेहऱ्याने सज्जन माणूस. त्याने मला बसायला बाज पुढे केली, पाणी मागवलं, माझं सगळं ऐकून घेतलं. रस्ता नाही हे पाचव्यांदा सांगितलं तेव्हा शांतपणे म्हणाला, “ताई, हा आमच्या घरातला मामला हाय. चुना तुमी टाकला, पुढचं आमी बघतो.”

परतताना जीपमध्ये मी एकटीच बोलत होते. ओरडतच होते म्हणा ना. “एका लुगड्यावर? आजच्या काळात? आणि बाई हसत हसत जाणार अंगठा द्यायला? अशी कशी कोण सही करतं?”

“मी केली,” खिडकीपाशी बसलेल्या शैलाताई म्हणाल्या.

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

“वडील गेले त्याच वर्षी. भावाने पैठणला नेलं, म्हणाला, ताई, तुला आवडेल ती घे. मी जांभळी घेतली, मोराच्या पदराची. मग तिथूनच ऑफिसात.” त्यांनी मांडीवरची पिशवी जवळ ओढली. “सगळे हसत होते गं. मी पण हसत होते. एम.ए., बी.एड. होते मी तेव्हा.”

“आमचं शेत टेकडीवर होतं,” थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. “तिथून खालचं सगळं दिसायचं.”

हाफिजभाई बाहेर बघत होते. बोर्डेकाकांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांनाही दोन बहिणी आहेत.

घरी आल्यावर मी मोजेसुद्धा उलटे केले नाहीत. लॅपटॉप उघडला. पुस्तिकेत त्या पानावर मी लिहून ठेवलं होतं: ‘बारव. फोटोसाठी उत्तम वेळ सकाळी आठ. इतिहास: अज्ञात.’ परत स्कॉटलंडला निघून जावं, असं मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं. ‘अज्ञात’ हा शब्द मात्र मी खोडला. त्याच्या जागी काय लिहायचं ते सुचलं नाही.

सकाळी सहा वाजता मी ‘पायताण’वर मेसेज टाकला:

“आज सोमवार असला तरी पायपीट आहे. सात वाजता चौकात. फोटो स्पॉट: तालुक्याच्या रजिस्ट्री ऑफिसच्या पायऱ्या. ऑफिस उघडायच्या आत पोचायचं आणि गयाबाईंच्या दोन्ही बाजूंना बसायचं. बोर्डेकाका, टोपी घाला. तो कागद गयाबाईंना मोठ्याने वाचून दाखवायचाय, शेवटच्या ओळीपर्यंत. हाफिजभाई, वही आणा. शैलाताई, तुम्ही तीच पैठणी नेसून या. ट्रॅकपँट नको. आज फोटो पायापर्यंत काढणार आहे.”